भुकेला डिंक

उन्हाळ्याच्या तोंडावर पानं झडली की चंद्रपूर-गडचिरोलीच्या खडकाळ उतारांवर कढईचं झाड लांबूनच ओळखू येतं. पांढरंफटक खोड आणि त्यावरून सुटणारे कागदासारखे सालीचे पापुद्रे. कुणी त्याला कुलू म्हणतं, कुणी कांडोळ. रात्री चांदण्यात ते पाहिलेल्यांनी त्याचं नाव भुत्या ठेवलं, त्यात नवल नाही. खोडाला खाच दिली की डिंक पाझरतो आणि वाळून त्याचे वेडेवाकडे खडे होतात. बाजारात त्याला कराया डिंक म्हणतात.

खडा नाकाशी धरला तर सिरक्यासारखा आंबूस वास येतो, कारण त्यातून हळूहळू ॲसिटिक आम्ल सुटत असतं. त्याची चिमूटभर पूड पेलाभर पाण्यात टाकून ठेवा. ती विरघळत नाही, फुगते. मूळ आकाराच्या साठ ते शंभर पट. आपल्या आतड्यांना ती पचवता येत नाही. म्हणून पोट साफ होण्यासाठी ती जुन्या काळापासून घेतली जाते.

भूक मारणाऱ्या वनौषधींपैकी निदान एका गटाचं काम कसं चालतं, ते या पेल्यात दिसतं. जठराच्या भिंती ताणल्या गेल्या की तिथली चेतातंतूंची टोकं व्हेगस नसेमार्फत मेंदूला कळवतात, आणि हात ताटावरून लवकर उठतो. इसबगोल, गवारीचा डिंक, सुरणाच्या कुळातल्या कोंजाक कंदातलं ग्लुकोमॅनन हे सगळे याच वाटेने जातात. युरोपीय संघाने ग्लुकोमॅननबाबत वजन घटण्याचा दावा करायला परवानगी दिली आहे, पण अटींवर: दिवसाला ३ ग्रॅम, तीन वेळा विभागून, जेवणाआधी एक-दोन पेले पाण्यासोबत, आणि मुळात आहार कमी असेल तरच. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची आणि जाहिरातीत सगळ्यात बारीक. गवारीच्या डिंकाचं नशीब तेवढंही नाही. त्यावरच्या चाचण्यांचा २००१ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा वजनावर उपयोग दिसला नाही.

फुगण्याचा गुण उलटतोही. १९९० च्या सुमारास अमेरिकेत गवारीच्या डिंकाच्या गोळ्या खूप खपल्या. काहींच्या बाबतीत गोळी जठरात पोचण्याआधी अन्ननलिकेतच फुगली आणि त्यांना रुग्णालय गाठावं लागलं. शेवटी ते उत्पादन बाजारातून काढून घ्यावं लागलं.

दुसरा गट रसायनांच्या जोरावर भूक मारण्याचा दावा करतो. त्यातलं आपल्याकडचं नाव माकडशिंग. दख्खनच्या कोरड्या माळांवर वाढणारी ही मांसल, बिनपानांची वनस्पती दुष्काळात लोक खात. बंगळूरमध्ये ५० जणांवर तिच्या अर्काची चाचणी झाली. रोज एक ग्रॅम, ६० दिवस. निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्क घेणाऱ्यांची भूक आणि कमरेचा घेर कमी झाला. वजन, चरबी आणि खाल्लेले उष्मांक यांत मात्र नकली गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत ठोस फरक नव्हता. विकणाऱ्याला पहिलं वाक्य पुरतं, दुसरं तो वाचत नाही.

कोकमाच्या कुळातल्या मलबारी चिंचेची १९९८ मधली चाचणी अशीच: १३५ माणसं, १२ आठवडे, फरक शून्य. पुढे अशा गोळ्या घेतलेल्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आल्या. आफ्रिकेतल्या कलाहारीचा हूडिया तर जगभर गाजला. युनिलिव्हरने २००८ मध्ये त्याचा नाद सोडला. ४९ स्त्रियांवरच्या १५ दिवसांच्या चाचणीत त्यांचं खाणं कमी झालं नाही. मळमळ झाली, रक्तदाब वाढला.

हूडिया असो वा माकडशिंग, डबीवरची गोष्ट एकच असते: शिकारीला निघालेले आदिवासी ही वनस्पती चघळत आणि दिवसभर उपाशी चालत. गोष्ट खरी धरली तरी त्यातून काय सिद्ध होतं? त्या शिकाऱ्याजवळ अन्न नव्हतं. आपल्याजवळ फ्रिज आहे. उपाशी माणसाला भूक काही तास विसरायला लावणं वेगळं, आणि समोर फरसाण असताना महिनोन्महिने हात आवरणं वेगळं. चंद्रपूरकडच्या जिवतीच्या डोंगरावर कोलाम आदिवासींचे गुडे, म्हणजे वस्त्या, आहेत. तिथे कोवळा तरोटा खुडतात तो भाजीसाठी, मोहफुलं वेचतात ती खायला आणि विकायला. जंगलाकडून त्यांना भूक भागवून हवी असते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सुमारे २१ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या आढळल्या आणि सुमारे २३ टक्के जास्त वजनाच्या. ‘भुकेला कोंडा’ ही म्हण एकीसाठी अजून खरी आहे. दुसरी तोच कोंडा इसबगोलाच्या डबीतून पैसे मोजून घेते.

मग फायदा काहीच नाही का? फुगणाऱ्या तंतूंचा आहे. पोट साफ राहतं, जेवणानंतरची साखर जरा सावकाश वाढते, घास थोडे कमी होतात. ‘वजन उतरवणारा चहा’ मात्र मी कुणाला सुचवणार नाही. त्यात बहुतेक वेळा सोनामुखी असते. जुलाबाने काटा किलोभर खाली येतो तो पाण्यामुळे, चरबी जागेवरच. आणि एखादी ‘शंभर टक्के वनौषधी’ गोळी आठवड्यात जादू दाखवत असेल तर आनंदापेक्षा संशय बरा. भारतात २०११ मध्ये बंदी घातलेलं सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध जगभर अशा गोळ्यांत लपवलेलं वारंवार सापडलं आहे. लठ्ठपणा बरा करण्याची जाहिरात करायला तर आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानेच मनाई आहे. तरीही ती जाहिरात मोबाइलवर रोज दिसते.

डिंक किंवा इसबगोल घ्यायचंच असेल तर भरपूर पाण्यासोबत घ्या, कोरडं कधीच नाही, झोपण्याच्या अगदी आधीही नाही. गिळायला त्रास होत असेल किंवा आतडं अरुंद झालेलं असेल तर अजिबात नाही. मधुमेहाच्या किंवा थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर मधे किती तासांचं अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा, कारण फुगलेल्या लगद्यात औषधही अडकून राहतं.