म्हाताऱ्या मोटारींचा पोळा

तान्ह्या पोळ्याला तुम्ही लाकडी बैल सजवून नेता ना? मग मुंबईतला मोटारींचा पोळा तुम्हाला चटकन कळेल. 'व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया' हा जुन्या मोटारींच्या शौकिनांचा क्लब तो भरवत आला आहे. फोर्ट भागातल्या हॉर्निमन सर्कलजवळ मोटारी रांगेनं उभ्या राहतात, मग त्यांची फेरी निघते. पितळी दिवे, दाराखाली लांब पायरी, मागे टांगलेलं जादा चाक. आणि बघ्यांची ही गर्दी!

शर्यत नव्हे, बरं का! अशा प्रदर्शनात पुढं कोण पळालं हे विचारत नाहीत. परीक्षक वाकून वाकून बघतात. रंग कारखान्यातून आला तसाच आहे का? गादीचं कातडं, दिवे, स्क्रू त्या काळचेच की मागाहून बसवलेले? इंजिन सुरू होतं का? या स्पर्धेला 'कॉन्कूर' म्हणतात. शब्द फ्रेंच आहे.

दिल्लीत 'द स्टेट्समन' या वर्तमानपत्रानं १९६४ मध्ये जुन्या मोटारींची रॅली सुरू केली. तिथला माझा लाडका गडी म्हणजे 'जॉन मॉरिस', १९१४ सालचा आगीचा बंब! चाकं भरीव रबराची. हवाच नाही, तर पंक्चर कुठलं? त्याचं घर म्हणजे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय.

आपल्या सरकारनं २०२१ मध्ये यासाठी नियमही केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूप न बदललेली गाडीच 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. ती रोज फिरवायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच बाहेर काढायची.

मूळ रूपाचं एवढं काय, असं मलाही वाटायचं. अमेरिकेत पेबल बीच इथं १९५० पासून मोठी कॉन्कूर भरते. तिथं पहिला मान आरशासारख्या चकचकीत केलेल्या मोटारींना मिळायचा. २०२४ मध्ये मात्र १९३४ सालची एक काळी बुगाटी सर्वोत्तम ठरली. कधीकाळी ती बेल्जियमच्या राजाकडे होती. जुना विटका रंग तिनं तसाच अंगावर ठेवला होता. नव्यानं न रंगवता जपलेल्या मोटारीला हा मान तिथं पहिल्यांदाच मिळाला.

ती बातमी वाचली आणि मला एकदम चौथीतला एक मुलगा आठवला.

त्याच्या काही वर्षं आधी आपल्या भंडारा जिल्ह्यातल्याच एका गावात मी तान्ह्या पोळ्याची परीक्षक होते. त्यानं पणजोबांचा सागवानी बैल आणला होता. एक कान तुटका, शिंगं घासून गुळगुळीत, चाकं कुरकुरणारी. मी पहिला नंबर दिला सोनेरी रंगाच्या, बॅटरीचे दिवे लावलेल्या नव्या बैलाला. याला बोजारा मिळाला, नंबर नाही. पुढच्या वर्षी तोच बैल लालभडक ऑइलपेंट फासून आला. डोळेसुद्धा बुजले होते.

"मॅडम, आता येईल ना नंबर?"

काय सांगणार? रंग खरवडून काढावा तर खालचा जुना रंगही त्याच्याबरोबर निघून जातो.

गेल्या पोळ्याला त्याचा धाकटा भाऊ तोच बैल ओढत आला. मी बैल उलटा करून पाहिला. पोटाखाली ब्रश पोचला नव्हता. तिथं सुताराच्या वाकसाचे घाव अजून स्पष्ट दिसत होते, आणि थोडासा जुना पिवळा रंग.