सत्तरीतलं यकृत आणि स्टेरॉइडची धास्ती

सत्तरीच्या बाईला थकवा येतो, जेवण जात नाही. घरचे म्हणतात, वय झालं. कुणीतरी रक्त तपासायला लावतं आणि एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम कित्येक पट वाढलेलं निघतं. दारू नाही, हिपॅटायटिस बी-सी नाही. अशा वेळी ऑटोइम्यून हिपॅटायटिसची शंका घ्यायलाच हवी. यात आपलीच प्रतिकारशक्ती यकृताच्या पेशींवर उलटते.

स्वीडनच्या यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९५० साली हा आजार तरुण स्त्रियांमध्ये वर्णिला आणि 'तरुणींचा आजार' हा शिक्का बसला. प्रत्यक्षात तो साठीनंतरही होतो. वयस्करांमध्ये तो गुपचूप वाढतो, त्यामुळे निदान होईपर्यंत अनेकांना सिरोसिस झालेला असतो. रक्तातलं आयजीजी हे प्रथिन आणि एएनएसारख्या अँटिबॉडीज दिशा दाखवतात, पण खात्री बायॉप्सीनेच होते. त्याआधी रुग्ण कोणकोणती औषधं घेतो, हे खोदून विचारावं. लघवीच्या संसर्गावरच्या नायट्रोफ्युरँटॉइनने हुबेहूब असाच आजार होऊ शकतो. करोनाकाळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीचे काढे-गोळ्या घेणाऱ्या रुग्णांमध्ये असंच चित्र नोंदवलं. आयुष मंत्रालयाने मात्र गुळवेलीला दोष देणारा तो निष्कर्ष मान्य केला नाही.

उपचार म्हणजे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारं अझाथायोप्रिन. 'या वयात स्टेरॉइड नको' असं म्हणून उपचार टाळणं मला घातक वाटतं, कारण वयस्कर रुग्ण या औषधांना तरुणांइतकाच, काही अभ्यासांत तर त्यांच्याहून चांगला प्रतिसाद देतात. भीती निराधार नाही: साखर चढते, मोतीबिंदू वाढतो, हाडं ठिसूळ होऊन मणका दबतो. म्हणून अझाथायोप्रिनच्या जोरावर स्टेरॉइडचा डोस लवकर खाली आणायचा, सुरुवातीलाच हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करायचा, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व द्यायचं. सिरोसिस नसेल तर ब्युडेसोनाइड हा सौम्य स्टेरॉइडचा पर्याय आहे. उपचारांआधी हिपॅटायटिस बी आणि क्षयाची चाचणी झालेली बरी.

अझाथायोप्रिनने पांढऱ्या पेशी घटू शकतात. एनयूडीटी१५ या जनुकातला फरक भारतीयांत बऱ्यापैकी आढळतो आणि तो असलेल्यांना हा धोका जास्त. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत वारंवार सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायची. गाउटसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल चालू असेल, तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. अ‍ॅलोप्युरिनॉलमुळे अझाथायोप्रिनचा परिणाम धोकादायकरीत्या वाढतो.

बरं वाटलं म्हणून गोळ्या मनाने बंद करू नयेत. एन्झाइम आणि आयजीजी किमान दोन वर्षं नॉर्मल राहिल्यावरच थांबण्याचा विचार होतो, तरीही आजार बहुतेकदा उलटतो. त्यामुळे अनेक आजी-आजोबांना अझाथायोप्रिनचा छोटा डोस वर्षानुवर्षं चालू ठेवावा लागतो.