किल्ली आणि कात्री

पुस्तक विकत घेतले की ते माजघरात वाचावे की ओसरीवर, हे ठरविण्याचा अधिकार आपला. चित्रपटाच्या तबकडीला मात्र हा साधा न्याय लागू नाही. डीव्हीडी आपण रोख पैसे मोजून घरी आणतो. पण तिच्यातील चित्रपटाला बहुधा कारखान्यातच कुलूप घातलेले असते, आणि ते कोणत्या यंत्राने उघडावे हेही परस्पर ठरलेले असते. या कुलपाशी झुंजता झुंजता एक चमत्कारिक कारागिरी जन्माला आली. ती म्हणजे डीव्हीडीची व्हीसीडी करून देणारी संगणकातील सॉफ्टवेअरे.

पण उत्तमाचे मध्यम करण्याचा हा खटाटोप कशाला? कारण उघड आहे. व्हीसीडी निघाली १९९३ साली, तर डीव्हीडी जपानच्या बाजारात आली १९९६ साली. तोवर आशियातील मध्यमवर्गाने स्वस्त व्हीसीडी-यंत्रे जवळ केली होती. एका व्हीसीडीत सुमारे ७४ मिनिटांचे चित्र मावे. त्यामुळे आपला हिंदी चित्रपट दोन-तीन तबकड्यांत विभागला जाई आणि ऐन मारामारीत उठून तबकडी बदलावी लागे! तरीही लोक खूश होते.

डीव्हीडी उतरवून घ्यायची तर पहिले काम किल्लीचे. कुलपाची गुप्त संख्या अवघी ४० बिटांची होती. ऑक्टोबर १९९९ मध्ये ‘डीसीएसएस’ नावाचे चिमुकले सॉफ्टवेअर प्रसिद्ध झाले आणि ते कुलूप निघाले. त्याच्याशी नाव जोडले गेले नॉर्वेच्या योन लेक योहान्सेन या १५ वर्षांच्या मुलाचे. जानेवारी २००० मध्ये त्याच्या घरी पोलीस आले, पुढे खटला उभा राहिला. ऑस्लोच्या न्यायालयाने जानेवारी २००३ मध्ये त्याला निर्दोष सोडले; अपिलाचा निकालही त्याच वर्षी डिसेंबरात तसाच लागला. रीतसर विकत घेतलेली तबकडी पाहण्यासाठी तिचे कुलूप उघडणे हा गुन्हा ठरला नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५-अ कलम आले. तेही हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगते. ‘हेतू’ या एका शब्दात गिऱ्हाईक आणि चोर यांतला फरक सामावला आहे.

दुसरे काम कात्रीचे. डीव्हीडीच्या एका चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके असतात, व्हीसीडीच्या चित्रात ३५२ गुणिले २८८. म्हणजे चार ठिपक्यांतले तीन सरळ रद्दीत! वेगवेगळ्या भाषांचे संवाद असतील तर त्यांतील एकच भाषा निवडायची. तळाची अक्षरे हवी असल्यास ती चित्रातच कायमची कोरायची. चित्रात जे हलत नाही ते पुनःपुन्हा न लिहिता फक्त बदल तेवढा टिपायचा, ही त्यातली युक्ती. म्हणून स्वस्थ बसलेला नायक बरा दिसे. पाऊस, धूर, गर्दी आली की पडद्यावर चौकटीच चौकटी! ‘टीएमपीजीएन्क’ हे जपानी सॉफ्टवेअर या कामी नावाजलेले होते. एका चित्रपटासाठी संगणक रात्रभर राबत असे.

आज ना ती यंत्रे घरोघर राहिली, ना ती निकड. मग हे पुराण कशासाठी? अशासाठी, की याच रीतीने अनेक घरांतील लग्नामुंजींच्या चित्रफितीही व्हीसीडीवर उतरल्या, आणि मूळ फिती भंगारात गेल्या. किल्लीने उघडलेले कुलूप पुन्हा लावता येते. कात्रीने टाकलेले ठिपके मात्र जगातील कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. नवी सॉफ्टवेअरे चित्र गुळगुळीत करतात खरे, पण ती भर अंदाजाने घातलेली असते. आजीच्या चेहऱ्यावरची सुरकुती अंदाजाने काढलेली कोणाला हवी आहे?

तेव्हा कपाटात लग्नाची डीव्हीडी असेल तर या दिवाळीच्या सुटीत तेवढे एक काम कराच. घरगुती तबकडीला कुलूप नसते, आणि तिच्यावरचा रंगाचा थर वर्षागणिक विटत जातो. जागा वाचविण्याचा मोह न धरता ती जशीच्या तशी उतरवून दोन ठिकाणी ठेवा. लहान प्रत मागाहून केव्हाही करता येईल. लहानाची मोठी मात्र होत नाही.