वाद युद्धाचा, भांडण माणसाशी

मुंबई-गोवा महामार्गाला अलिबागचा रस्ता जिथे फुटतो, ते आमचे वडखळ. नाक्यावर एस.टी.ची वाट पाहत उभे राहिले की जगातील यच्चयावत प्रश्नांची चर्चा फुकटात ऐकायला मिळते. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामचा हल्ला झाला आणि मे महिन्यात सीमेवर तोफा धडाडू लागल्या, तेव्हा तर नाक्यावरच्या प्रत्येक चहाच्या टपरीला युद्धमंडळाचे रूप आले होते. एकजण म्हणाला, आता माघार नाही, एकदाचा सोक्षमोक्ष लावा. लगेच दुसरा म्हणाला, "मग तू जा की सीमेवर! इथे वडा कशाला खातोस?" तिसऱ्याने, लढाईने प्रश्न सुटतो का, एवढेच विचारले, तर त्याला पाकिस्तानात जाऊन राहण्याचा सल्ला मिळाला. माझी गाडी येईपर्यंत युद्ध बाजूला पडले होते आणि कोणाच्या आजोबांनी कोणाचा बांध कोरला होता यावर हमरीतुमरी चालली होती.

यात हसण्यासारखे पुष्कळ आहे, पण विचार करण्यासारखेही काही आहे. 'तू जा की सीमेवर' आणि 'तू जा पाकिस्तानात' ही दोन वाक्ये एकमेकांच्या विरुद्ध पक्षांची. तरी दोन्हींची जात एकच. दोन्हींत समोरच्याच्या म्हणण्याला उत्तर नाही, त्याच्या माणूसपणावर घाव आहे. तर्कशास्त्राच्या तासाला आपण शिकतो की हा एक तर्कदोष आहे. बोलणारा कसा आहे यावरून त्याचे बोलणे खरे की खोटे हे ठरत नाही. दोन आणि दोन चार होतात हे चोराने सांगितले म्हणून त्यांचे पाच होत नाहीत. आपल्याकडे न्यायसूत्रांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. तेथे चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य कळावे म्हणून केला जातो तो वाद, नुसते जिंकण्यासाठी वाटेल ती युक्ती लढवतात तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याची पाडायची ती वितंडा. आपण मात्र तिन्हींना सरसकट 'वादविवाद' म्हणतो आणि ढाल देऊन मोकळे होतो.

युद्धाची गोष्ट निघाली की हा दोष इतका का बळावतो? मला वाटते, खरी माहिती तेव्हा सामान्य माणसाजवळ नसते. सैन्य किती, दारूगोळा किती, शत्रूचा डाव काय, हे गुपित असते आणि असायलाही हवे. मुद्दा तपासायला साधन नाही, म्हणून आपण माणूसच तपासायला घेतो. त्यात भीती असते. शिवाय युद्धात 'आपला' आणि 'परका' ही रेघ इतकी ठळक ओढली जाते की शंका विचारणारा रेघेच्या पलीकडचा वाटू लागतो. 'हे शहाणपणाचे आहे का?' असे तो विचारतो आणि 'तू आमचा आहेस का?' असा उलट प्रश्न त्याला येतो.

हे आजचेच आहे असे समजू नये. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षी, १० जून १९१८ रोजी, मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये, म्हणजे आज जिथे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे तिथे, प्रांतिक युद्धपरिषद भरली होती. अध्यक्षस्थानी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन होते. सरकारला माणसे आणि पैसा हवा होता. परिषदेला लोकमान्य टिळक, केळकर, जिना ही होमरूलवाली मंडळी बोलावलेली होती. गव्हर्नरसाहेबांनी आरंभीच्या भाषणातच होमरूलवाल्यांच्या पाठिंब्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेतली. घरी बोलावून पाहुण्याच्या नियतीवर बोट ठेवावे तसाच हा प्रकार झाला! टिळक उठले. बादशहाशी आपली निष्ठा त्यांनी सांगितली आणि पुढे ते मुद्द्यावर आले की, देशाचे संरक्षण आणि देशाचे स्वराज्य यांचा संबंध तोडता येत नाही. हा युक्तिवाद होता. तो चूक असेल तर खोडायला हवा होता. पण राजकीय चर्चेला येथे जागा नाही असे सांगून गव्हर्नरांनी त्यांना अडवले. टिळक सभा सोडून गेले, त्यांच्यापाठोपाठ केळकरही गेले. जिनांनी तेथेच या वागणुकीबद्दल नाराजी बोलून दाखवली. १६ जूनला मुंबईत निषेधाची सभा झाली, तिचे अध्यक्ष होते गांधीजी.

याच्या पुढची हकिकत मला अधिक आवडते. गांधीजी त्या उन्हाळ्यात खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करीत होते आणि भरती बिनशर्त असावी असे त्यांचे मत होते. टिळकांना ते पटत नव्हते. आधी हिंदी माणसाला सैन्यात अधिकाराच्या जागा द्या, मग माणसे मागा, असे त्यांचे म्हणणे. मग त्यांनी गांधीजींकडे पन्नास हजार रुपयांचा चेक पाठवला. तुम्ही सरकारकडून हे वचन मिळवा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देतो, न दिल्यास ही रक्कम दंड समजा, असा तो सौदा होता. गांधीजींनी चेक परत केला. मतभेद मिटला नाही. पण या सगळ्या व्यवहारात 'तुम्ही इंग्रजांचे हस्तक' असे एकाने म्हटले नाही की 'तुम्ही घाबरट' असे दुसऱ्याने म्हटले नाही. विलिंग्डनसाहेबांनी ज्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घेतली त्यांनी तो पैसे लावून सिद्ध करायची तयारी दाखवली, यातला टोमणाही रसिकांनी ध्यानात घ्यावा.

पण ज्या उदाहरणाने मला हा लेख लिहावासा वाटला ते १९६२ चे. व्ही. के. कृष्ण मेनन तेव्हा संरक्षणमंत्री होते आणि उत्तर मुंबईचे खासदार होते. स्वभावाने तुसडे, जिभेने तिखट. दुसऱ्याचा पाणउतारा करण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. ११ एप्रिल १९६१ रोजी आचार्य कृपलानींनी लोकसभेत त्यांच्यावर घणाघाती भाषण केले. त्या भाषणात तपासण्याजोगे आरोप होते: सैन्यात गटबाजी माजवली, पैशाची नासाडी केली, एक घावही न घालता बारा हजार चौरस मैल प्रदेश जाऊ दिला. यातील प्रत्येक गोष्टीला कागदपत्रांनी उत्तर देता आले असते किंवा ती मान्य करता आली असती.

पुढे फेब्रुवारी १९६२ च्या निवडणुकीत कृपलानी स्वतःच मेनन यांच्याविरुद्ध उत्तर मुंबईत उभे राहिले. चीनने सरहद्दीवर ठाण मांडलेले, समोरासमोर दोन्ही बाजूंचे नामवंत. वाटेल की संरक्षणावर याहून मोठी लोकसभा भरलीच नसेल. पण प्रचार तापला तसे प्रश्न मागे पडत गेले. मेनन हे कम्युनिस्ट आहेत की नाहीत, हा एका बाजूचा प्रश्न. कृपलानी हे प्रतिगाम्यांचे उमेदवार आहेत की नाहीत, हा दुसऱ्या बाजूचा. पंडित नेहरूंनी मेनन यांच्यासाठी स्वतःचे वजन खर्ची घातले, सिनेमाचे नटही प्रचारात उतरले. मेनन जवळजवळ दुप्पट मते घेऊन निवडून आले. मतपत्रिकेवर नुसती नावे होती. थंडीत लढायला जवानांजवळ कपडे आहेत का, हे त्या कागदावर छापता येत नव्हते.

आठ महिन्यांनी, २० ऑक्टोबरला, चीनचा हल्ला झाला. नामका चू नदीकाठी सातव्या ब्रिगेडचे जवान सुती कपड्यांत, जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली घेऊन उभे होते. ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर दळवी कैद झाले. आता साऱ्या देशाचा राग मेनन यांच्यावर उलटला. ३१ ऑक्टोबरला त्यांचे संरक्षण खाते काढून घेतले गेले, ७ नोव्हेंबरला ते मंत्रिमंडळातूनही बाहेर पडले. मेनन यांचा दोष नव्हता असे मला मुळीच म्हणायचे नाही. मंत्र्याला जाब द्यावाच लागतो. पण माणूस गेला आणि जणू कारणही गेले, असा भास झाला. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे म्हणत महाराष्ट्राने यशवंतराव चव्हाणांना दिल्लीला पाठवले. (जाता जाता म्हणावेसे वाटते की हीसुद्धा माणसावरचीच भाषा, फक्त स्तुतीची. शिवीप्रमाणे आरतीनेही मुद्दा झाकला जातो.)

खुद्द यशवंतरावांनी मात्र काम निराळ्या रीतीने केले. हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी पराभवाची चौकशी केली, आणि २ सप्टेंबर १९६३ ला यशवंतरावांनी तिचे सार संसदेत सांगितले. प्रशिक्षण, युद्धसाहित्य, हुकमतीची व्यवस्था, जवानांची शारीरिक तयारी, आणि सेनापतींची आपल्या माणसांवर छाप पाडण्याची पात्रता, अशी पाच कलमे होती. त्यात कोणाची जीभ नव्हती, कोणाचा पक्ष नव्हता. ही पाच कलमे फेब्रुवारी १९६२ च्या सभांतून का निघाली नाहीत, हा मला पडलेला प्रश्न आहे. तो मूळ अहवाल सरकारने अजूनही पूर्ण प्रसिद्ध केलेला नाही, म्हणजे माहितीचा दुष्काळ चालूच आहे. आणि मेनन? १९६७ साली ते त्याच मुंबईत पुन्हा उभे राहिले, तेव्हा ते परप्रांतीय आहेत हा प्रचाराचा मुद्दा झाला होता. १९६२ च्या पराभवावर त्यांना विचारण्यासारखे इतके असताना!

इथे एक रास्त शंका येईल. माणूस कधी तपासायचाच नाही काय? तपासायचा, पण कधी ते ओळखले पाहिजे. माझा आतेभाऊ सैन्यात आहे. लडाखात बर्फाचे बूट कसे मिळतात हे तो सांगतो तेव्हा ती साक्ष असते. ती मानायची तर तो खोटे बोलणारा नाही, तिथे खरोखर होता, हे बघावेच लागते. पण कोणी बूट, किंमत आणि तापमान यांचे आकडे मांडून काही सिद्ध करीत असेल तर तो युक्तिवाद झाला. तिथे आकडे तपासायचे, आडनाव नव्हे. 'तू कधी सीमेवर गेला होतास?' या प्रश्नाची गफलत हीच आहे. आमच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याला जन्मलेले विनोबा कधी रणांगणावर गेले नव्हते. गांधीजी मात्र १८९९ च्या बोअर युद्धात जखमींच्या डोल्या वाहणाऱ्या पथकाचे नेतृत्व करून आलेले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी गांधीजींनी निवडलेले पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून विनोबा पवनारला युद्धाविरुद्ध बोलले. एकाने युद्ध पाहिलेले, एकाने नाही, आणि दोघांचे मत एकच. ते मत बरोबर होते की चूक, हे अनुभवाच्या दाखल्यावरून कसे ठरवणार?

हे सारे मी इतक्या पोटतिडकीने लिहिते याला कारण आहे. एका वादविवाद स्पर्धेत युद्धखर्चावर मी काही आकडे मांडले होते. माझ्यानंतर आलेल्या वक्त्याने त्यांतल्या एकालाही हात लावला नाही. "ताईंना तोफेपेक्षा लाटणे बरे कळत असेल," एवढे तो म्हणाला, आणि सभागृहाने टाळ्यांनी त्याला विजयी केले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील खारेपाटात भातशेती करतात, आईला सही येते. बोलणारा कोण, कोणाचा, यावरच बोलण्याचे मोल ठरणार असेल तर माझ्यासारखीने व्यासपीठावर चढण्याआधीच वाद हरलेला असतो. ज्यांच्या पाठीशी घराण्याचे नाव आहे त्यांना हा दोष कदाचित परवडेल. आमच्याजवळ मुद्द्याशिवाय दुसरे काही नाही.

म्हणून आपल्या वादविवाद मंडळाला आणि परीक्षक होणाऱ्या प्राध्यापकांना एक सुचवावेसे वाटते. आपल्या जुन्या शास्त्रकारांची पूर्वपक्षाची पद्धत होती. आधी विरुद्ध पक्षाचे म्हणणे नीट, त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत मांडायचे, मगच त्याचे खंडन करायचे. प्रत्येक वक्त्याला पहिले एक मिनिट यासाठी सक्तीचे करावे आणि त्याचे गुण वेगळे ठेवावेत. ज्याला हे मिनिट भरता येणार नाही त्याच्या पुढच्या चार मिनिटांना किती गुण द्यायचे ते परीक्षकांनी ठरवावे. यंदाच्या स्पर्धेचा विषय अजून ठरलेला नाही, असे कळते.