गव्यासमोर टिकणारी रायफल

मॅग्नम म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या कोशाचे, जास्त दारू मावणारे काडतूस. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने १९१२ मध्ये आणलेले .३७५ मॅग्नम हे त्याचे ठळक उदाहरण. त्याची सुमारे १९.४ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ७७० मीटर वेगाने सुटते; ऊर्जा सुमारे ५,७५० ज्यूल भरते.

पण राधानगरी-दाजीपूरच्या गव्यासारख्या जनावरापुढे नुसती ऊर्जा पुरत नाही. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरू शकतो. जाड कातडे, स्नायू आणि खांद्याचे हाड भेदून गोळी हृदयापर्यंत सरळ पोचली नाही, तर जनावर जखमी होऊन तडफडत राहते. म्हणून गोळीचे वजन आणि न फुटणारी बांधणी वेगाहून महत्त्वाची. वजनदार रायफल धक्का सोसते; धक्क्याच्या भीतीने नेम चुकवणारे हत्यार कितीही जोरदार असले तरी निरुपयोगीच.

ब्रिटिश सरकारने १९०७ मध्ये .४५० व्यासाच्या काडतुसांना भारतात बंदी घातली. त्यातूनच .४७० सारखे नवे व्यास निघाले. हाताने घडवलेली दुनळी रायफल संस्थानिकांसारख्या धनिकांनाच परवडे. विंचेस्टरच्या मॉडेल ७० मुळे १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात .३७५ची रायफल कारखान्यातून तयार मिळू लागली.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नंतर भारतात हौसेची शिकार संपली, हे योग्यच झाले. माणसाच्या जिवावर उठलेले संरक्षित जनावर पकडणे वा बेशुद्ध करणे शक्य नसेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेशाने त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात.