नाईटचे किती घ्याल?

चंद्रपूर जिल्ह्यातलं घुग्घुस हे कोळसा खाणींचं आणि सिमेंट कारखान्याचं गाव. गणपती, शारदोत्सव, १४ एप्रिलची भीमजयंती आणि लग्नसराईत इथल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना मागणी असते. फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: नाईटचे किती घ्याल? उत्तर बहुतेकदा अंदाजानेच दिलं जातं. अमक्याने मागच्या वर्षी इतके घेतले, एवढाच त्याला आधार.

हा प्रश्न रोज सोडवणारा मोठा बाजार याच मुलखात आहे. चंद्रपूरहून मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी ओलांडलं की वडसा येतं, म्हणजेच गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज. झाडीपट्टी रंगभूमीच्या नाट्यकंपन्यांची कार्यालयं इथे आहेत. मंडईची जत्रा किंवा शंकरपटाच्या बैलशर्यती भरवणारं गावचं मंडळ इथे येऊन नाटक ठरवतं आणि कंपनीला एका प्रयोगाची ठरलेली रक्कम देतं. तिकिटांचा गल्ला मंडळाचा. नट, ऑर्गनवादक, तबलजी, नर्तकी यांना कंपनी नाईटप्रमाणे पैसे देते. या रंगभूमीवर हजारो प्रयोग केलेले डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

पण नाईट म्हणजे काय? प्रेक्षकाला रात्री दहा ते पहाटेपर्यंतचं नाटक दिसतं. कलावंत मात्र दुपारीच घर सोडतो, जंगलातल्या रस्त्याने गाडीतून गाव गाठतो, रंग चढवतो, रात्रभर उभा राहतो आणि सकाळी पेंगत परततो. शिवाय तालमी असतातच. स्टेजवरचे तास मोजून दर ठरवणारा माणूस अर्धं काम फुकट करतो.

त्यातच हंगाम भाऊबीजेपासून होळीपर्यंतचा. समजा, एका वादकाच्या घराला वर्षाला १,८०,००० रुपये लागतात. त्यातले ६०,००० शेती-मजुरीतून येतात. उरलेले १,२०,००० त्याला ९० नाईटमध्ये मिळवायचे आहेत. म्हणजे खर्च वजा जाता नाईटला साधारण १,३३३ रुपये हातात पडले पाहिजेत. प्रवास, चहापाणी, वाद्याची दुरुस्ती यांचे २०० धरले, तर त्याचा किमान दर १,५०० च्या वर जातो. हजारात तो गेला, तर हंगामभर राबूनही पावसाळ्यात उसनवारी ठरलेली. नवख्याने जम बसवण्यासाठी दर पाडला, तर त्याची झळ सगळ्यांनाच बसते. मंडळं पुढच्या वर्षी तोच आकडा पुढे करतात.

तारखेलाही किंमत असते. पुणे जिल्ह्यात नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावकरी तिथे जत्रेसाठी सुपारी द्यायला येतात. एकाच दिवशी अनेक गावांच्या जत्रा असल्या की त्या तारखेची सुपारी वाढते. यात लाजण्यासारखं काही नाही. चंद्रपुरात बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा दिली. त्या स्मरणाच्या दिवसांत भीमगीतं गाणाऱ्याची तारीख आणि एरवीची मोकळी तारीख सारखी कशी असेल? आपल्या माणसांसाठी कमी घ्यायचं असेल तर जरूर घ्यावं, पण मूळ दर सांगून सूट द्यावी. म्हणजे ती सूट आहे हे समोरच्याला कळतं.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती न बोललेल्या गोष्टींवरून. अवकाळी पाऊस आला, गावात मयत झाली, प्रयोग रद्द झाला. मग गाडीभाडं कोणाच्या अंगावर? जेवण, मुक्काम, माइक कोणाचा? कार्यक्रम लांबला तर जादा किती? इसार परत करायचा की नाही? वहीच्या एका पानावर किंवा मोबाइलवरच्या संदेशात या चार ओळी आधी लिहून घेतल्या, तर पहाटे अडून बसायची वेळ येत नाही.

मंडळांचंही यात कर्तव्य आहे. मांडववाल्याला आणि जनरेटरवाल्याला रोख मोजून दिले जातात, कलावंताला मात्र वर्गणी जमल्यावर बघू म्हणतात. यंदाचा कार्यक्रम ठरवताना घुग्घुसच्या मंडळांनी इसार त्याच दिवशी द्यावा आणि उरलेली रक्कम कलावंत स्टेजवर चढण्याआधी त्याच्या हाती ठेवावी.