गिअर मोजू नका, ब्रेक दाबून बघा!

पाऊस ओसरलाय, टेकड्यांवरच्या पायवाटा सुकायला लागल्यात. पुण्यात वेताळ टेकडीच्या चढावर एखादी एमटीबी दिसली की तुम्हालाही वाटतंच, आपल्याकडेही अशी एक हवी यार! मग फोनवर शोधाशोध सुरू होते आणि स्वस्तात २१ गिअर, डबल शॉकअप, दोन्हीकडे डिस्क ब्रेक अशी चकाचक सायकल समोर येते. ऑर्डर टाकायच्या आधी जरा थांबा. पैसे घरच्यांचे असोत की पार्टटाइम जॉबचे, ते नेमके कुठे खर्च होतायत हे बघायला हवं.

डबल शॉकअपचा मोह

कमी पैशांत दोन शॉकअप द्यायचे म्हणजे कुठेतरी काटकसर येणारच. अशा सायकलची फ्रेम बहुतेकदा जड लोखंडी असते. चढावर पेडल मारलं की काही जोर मागची स्प्रिंग दाबण्यातच जातो. त्यापेक्षा फक्त पुढे शॉकअप असलेली, अलॉय फ्रेमची ‘हार्डटेल’ घ्या. वजन कमी, दुरुस्ती सोपी.

गिअरचंही तसंच. २१ गिअर म्हणजे पुढे तीन चकत्या, मागे सात. त्यातली बरीच जोडकामं जवळपास सारखीच निघतात. चढासाठी महत्त्वाचा असतो तो सगळ्यात हलका गिअर, आकडा नव्हे.

खरी परीक्षा उतारावर

माउंटन बायकिंगच्या इतिहासातली एक भारी गोष्ट सांगते. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही तरुणांनी जुन्या, जाडजूड सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यत सुरू केली. शॉकअप वगैरे काही नव्हतं. पण उतारभर ब्रेक लावून मागच्या हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. म्हणून शर्यतीचं नावच पडलं ‘रीपॅक’! शॉकअपशिवाय त्यांचं भागलं, ब्रेकशिवाय भागलं नसतं.

सुट्या मुरमावर तुमचंही तेच होणार. बजेटमध्ये बसत असतील तर हायड्रॉलिक डिस्क बेस्ट. एका बोटानेही नीट ब्रेक लागतो. नाहीतर चांगल्या कंपनीचे केबलवाले डिस्क चालतील. नुसतं ‘डिस्क’ लिहिलंय म्हणून भुलू नका.

दुकानात जा, बसून बघा

• दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहा. दांडी आणि तुमच्यात निदान दोन इंच जागा हवी. साइज चुकली तर महागडी सायकलही त्रासच देते.

• चाक २७.५ इंची की २९? २९ इंची चाक दगडांवरून सहज जातं, २७.५ इंची वळवायला सोपं. उंची कमी असेल तर दुसरं बघा.

• टायर साधारण दोन इंच रुंद आणि ठळक खाचांचे हवेत.

• पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलपाशी खटखट जाणवली तर विचारा.

• सर्व्हिसिंग कुठे होणार, सुटे भाग मिळणार का, हेही आधीच विचारा.

सगळे पैसे सायकलवर नको

बजेट २० हजारांचं असेल तर दोन-तीन हजार बाजूला ठेवा. हेल्मेट, ग्लोव्हज, पंप, एक जादा ट्यूब आणि पंक्चर किट यांना पर्याय नाही. पैसे कमी पडत असतील तर सेकंड हँड बघा. फक्त वेल्डिंगच्या जोडांवर तडा नाही ना, हे तपासा. मूळ बिल मागा आणि फ्रेमवरचा नंबर त्याच्याशी जुळवून घ्या. चोरीची सायकल कितीही स्वस्त असली तरी शेवटी महागातच पडते.

सायकल घरी आली की लगेच खडकाळ उतार गाठू नका. पहिले काही दिवस मैदानात ब्रेकचा अंदाज घ्या. टेकडीवर आजी-आजोबा फिरायला आलेले असतात, त्यांना आधी वाट द्या. उतारावर वेग आपोआप येतो, तो हवा तिथे थांबवता आला की टेकडी तुमचीच!